अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक स्वस्त असताना टँटलम कपॅसिटर का वापरतात?

जागा वाचते हे कारण सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. टँटलम या धातूच्या बारीक पावडरीची गोळी दाबून ती व्हॅक्यूममध्ये तापवतात. गोळी आतून सच्छिद्र राहते, आणि प्रत्येक छिद्राच्या भिंतीवर टँटलम पेंटॉक्साइडचा थर चढवला जातो. या ऑक्साइडचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (तो थर किती चार्ज साठवू देतो ते सांगणारा आकडा) 27 च्या आसपास, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या जवळपास तिप्पट. त्यामुळे इवल्याशा जागेत भरपूर मायक्रोफॅरड, म्हणजे भरपूर कपॅसिटन्स, मावतो.

पण मी डिझाइनमध्ये टँटलम घेतो तो मुख्यतः त्याची व्हॅल्यू जागची हलत नाही म्हणून. साध्या इलेक्ट्रोलिटिकमधलं द्रव वर्षानुवर्षं उष्णतेत सुकत जातं, मग कपॅसिटन्स घटतो आणि ईएसआर (कपॅसिटरचा आतला सीरीज रेझिस्टन्स) चढतो. सॉलिड टँटलममध्ये मँगनीज डायऑक्साइड किंवा पॉलिमर असतं, सुकायला आत द्रवच नाही. कडाक्याच्या थंडीतही त्याचा ईएसआर द्रववाल्यासारखा भरमसाट वाढत नाही. सिरॅमिकची अडचण वेगळी: 10 मायक्रोफॅरड, 6.3 व्होल्टचा छोटा एक्स5आर जातीचा सिरॅमिक 5 व्होल्टवर ठेवला, तर प्रत्यक्षात निम्म्याहून कमी उरू शकतो. टँटलममध्ये ही घट जवळपास नसते. शिवाय सिरॅमिक हादऱ्याने किंचित व्होल्टेज निर्माण करतो, टँटलम करत नाही. ऑडिओच्या सर्किटमध्ये हे फार मोलाचं.

एलएम1117 सारख्या जुन्या व्होल्टेज रेग्युलेटरला तर आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये थोडा ईएसआर लागतोच, नाहीतर रेग्युलेटर ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे त्याचं आउटपुट स्थिर न राहता वरखाली होत राहतं. तिथे 10 मायक्रोफॅरडचा टँटलम अगदी चपखल बसतो.

आता खबरदारी, कारण ती पाळली नाही तर वरचे सगळे फायदे वाया जातात. मँगनीजवाला टँटलम बिघडला की बहुतेक वेळा शॉर्ट होतो, आणि करंट भरपूर मिळाला तर पेटही घेतो. म्हणून रेटिंगच्या निम्म्या व्होल्टेजवरच वापरा: 5 व्होल्टच्या लाइनला 10 चा, 12 ला 25 चा. बॅटरीला किंवा पॉवर इनपुटला थेट जोडायचा असेल तर मी तो टाळतोच, तिथे चालू करतानाचा सर्ज (करंटचा अचानक लोंढा) जीवघेणा ठरतो. पॉलिमरवाला यात बराच सौम्य आहे आणि त्याला एवढी सूटही लागत नाही; डेटाशीटमध्ये आकडा दिलेला असतो.

सोल्डर करताना एवढं बघा: एसएमडी (थेट बोर्डच्या पृष्ठभागावर सोल्डर होणाऱ्या) टँटलमवरची पट्टी प्लसची असते, अ‍ॅल्युमिनियमच्या डबीवरची मायनसची.