लातूरला राहतो. पहिली बेस गिटार ४ तारांची घेऊ की ५ तारांची?

४ तारांचीच घ्या. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, त्यावरून सांगतो: ई-ए-डी-जी या चार तारांत शिकण्यापुरतं सगळं येतं. पाचवी, खालची बी तार साधारण ३१ हर्ट्झला बोलते. घरातल्या छोट्या अ‍ॅम्पमधून (अ‍ॅम्प्लिफायरमधून) ती नुसती घरघरते. घेताना बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवर, म्हणजे नेकवर, बसवलेली धातूची आडवी पट्टी) तार दाबून वाजवा, मग तिथंच बोट हलकं टेकवून. दोन्ही सूर एकच यायला हवेत. नेकच्या कडेवरून तळहातही फिरवा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोचायला लागतात (सेकंडहँडमध्ये तर जास्तच बघा). मात्र लगेच ऑर्केस्ट्रात बसायचं असेल, तर ५ तारांची बरी पडते. गायक ऐनवेळी गाण्याची पट्टी उतरवतात, मग ई तारेच्याही खालचे सूर लागतात.