शिडांच्या काळात पकडलेली शत्रूची फ्रिगेट (मध्यम आकाराची, वेगवान युद्धनौका) बुडवून न टाकता आपल्याच आरमारात का घेत?

सरळ हिशेब: तयार जहाज आयतं हाती यायचं. शिवाय त्याची किंमत ठरवून बक्षिसाचा पैसा कप्तानापासून साध्या खलाशापर्यंत वाटला जाई, त्यामुळे बुडवण्यापेक्षा पकडण्यातच सगळ्यांना रस. फ्रेंच फ्रिगेटी वेगाला चांगल्या, पण बांधणीला हलक्या; डागडुजी बरीच लागे.

तरी खरी लूट कधीकधी आराखड्याची असे. १७८२ मध्ये ब्रिटिशांच्या 'रेनबो'ने फ्रेंच 'हेबे' पकडली. 'रेनबो'वर आखूड पण जड गोळ्यांच्या कॅरोनेड तोफा होत्या. जहाजाच्या नाळेवरून (पुढच्या टोकावरून) एवढा मोठा गोळा आलेला पाहून फ्रेंच कप्तानाला समोर मोठी युद्धनौकाच आहे असं वाटलं आणि त्याने लवकरच निशाण उतरवून शरणागती पत्करली! पुढे 'हेबे'च्या आकारावरून ब्रिटिशांनी 'लेडा' वर्गाच्या डझनावारी फ्रिगेटी बांधल्या. त्यातलीच 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे.

गंमत म्हणजे तिचे नकाशे मुंबईला आणणारी 'जावा' ही फ्रिगेटही फ्रेंचांकडूनच पकडलेली. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने तिला हरवलं. जहाज इतकं मोडलं होतं की घरी नेणं अशक्य. म्हणून अमेरिकनांनी तिचं सुकाणूचं चाक काढून स्वतःच्या जहाजाला बसवलं आणि बाकीची पेटवून दिली. नकाशे गेले, मुंबईला नवे मागवावे लागले.