मॅडक्स, ग्लॅव्हिन, स्मोल्ट्झ एकाच संघात असूनही अटलांटा ब्रेव्हजने वर्ल्ड सिरीज एकदाच का जिंकली?

नोकरीसाठी अटलांटाला पोचलो ते 1998 साल. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसमधल्या मित्राने वरच्या मजल्याचं स्वस्त तिकीट काढून टर्नर फील्डला नेलं आणि मी अडकलो तो आजवर. त्या वर्षी ब्रेव्हजने 106 सामने जिंकले. ग्लॅव्हिन 20, मॅडक्स 18, स्मोल्ट्झ आणि मिलवुड प्रत्येकी 17, नीगल 16, असे पाचही स्टार्टिंग पिचर (सामन्याची सुरुवात करणारे गोलंदाज; विजय त्यांच्या नावावर लागतो) भरभरून जिंकत होते. तरी वर्ल्ड सिरीजपर्यंतसुद्धा, म्हणजे अंतिम फेरीपर्यंत, पोचले नाहीत, आधीच्याच फेरीत सॅन डिएगोने घरी पाठवलं.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. स्टार्टिंग पिचर साधारण शंभर चेंडू टाकतो आणि मग चार दिवस विश्रांती घेतो. 162 सामन्यांच्या हंगामात समोरच्यांचा चौथा-पाचवा पिचर लेचापेचा असतो, तुमचा मात्र तिथेही खणखणीत. हा फायदा रोज थोडाथोडा साठत जातो. म्हणून तर 1991 ते 2005 मध्ये, संपामुळे अर्धवट राहिलेलं 1994 सोडलं, तर दरवर्षी डिव्हिजन (लीगमधला त्यांचा गट) त्यांचंच. पण सात सामन्यांच्या सिरीजमध्ये समोरचाही आपले दोन-तीन हुकमी एक्केच काढतो. तिथे ब्रेव्हजच्या चौथ्या-पाचव्या पिचरचं कौतुक कुणाला?

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे 1-0 हा स्कोअर.

1991 च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच घ्या. आदल्या वर्षी तळाला असलेला ब्रेव्हज संघ थेट वर्ल्ड सिरीजमध्ये. चोवीस वर्षांच्या स्मोल्ट्झने सात इनिंगच्या वर (सामना नऊ इनिंगचा असतो) एकही धाव दिली नाही. समोर मिनेसोटाचा जॅक मॉरिस होता, त्याने एकट्याने दहा इनिंग टाकल्या. आठव्या इनिंगमध्ये ब्रेव्हजचा लॉनी स्मिथ दुसऱ्या बेसजवळ घुटमळला नसता, तर हमखास धाव होती. शेवटी मिनेसोटा 1-0.

1996 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध पहिल्या दोन मॅच जिंकून बसले होते. चौथ्या मॅचला 6-0 आघाडी असताना बुलपेनने (स्टार्टरनंतर येणाऱ्या राखीव पिचरांनी) ती घालवली. पाचव्या मॅचला पुन्हा स्मोल्ट्झ, आठ इनिंग, आणि एकच धाव. तीही मार्क्विस ग्रिसमच्या हातून झेल सुटला म्हणून. पुन्हा 0-1, आणि ब्रेव्हजच्या जुन्या फुल्टन काउंटी स्टेडियममधली ती शेवटची मॅच ठरली. स्मोल्ट्झने यापेक्षा जास्त काय करायचं होतं, सांगा! पिचर धावा अडवू शकतो, करायच्या मात्र इतरांनी.

ते तिघे कसे होते, हेही सांगायलाच हवं. मॅडक्सचा वेग बेताचाच. मला तो पाहिला की बापू नाडकर्णी आठवतात, 1964 च्या मद्रास कसोटीत ओळीने 21 निर्धाव षटकं टाकणारे. तोच टप्पा, तोच कंटाळा न येणारा हात. 1997 मध्ये त्याने शिकागोविरुद्ध पूर्ण नऊ इनिंग 78 चेंडूंत संपवल्या होत्या. ग्लॅव्हिन डावखुरा, बाहेरच्या कडेवर चेंडू टाकत राहायचा आणि अंपायरकडून ती कड इंचाइंचाने रुंद करून घ्यायचा. स्मोल्ट्झकडे मात्र निखळ वेग आणि तिखट स्लायडर (शेवटी वळणारा वेगवान चेंडू). कोपराच्या ऑपरेशननंतर तो क्लोजर (शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर) झाला आणि 2002 मध्ये 55 सेव्ह घेतले, म्हणजे इतक्या वेळा आघाडी राखली! 1991 ते 1998 या आठ वर्षांत नॅशनल लीगचा (दोन मोठ्या लीगपैकी ब्रेव्हजची) साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार सात वेळा या तिघांपैकीच कुणाला तरी मिळाला. तिघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

आणि त्या काळात जिंकलेली ती एकमेव सिरीज, 1995? क्लीव्हलँडविरुद्ध सहावी मॅच. ग्लॅव्हिनने आठ इनिंगमध्ये एकच हिट (बेसवर पोचवणारा फटका) दिला. ब्रेव्हजच्याच डेव्हिड जस्टिसने आदल्याच दिवशी अटलांटाच्या प्रेक्षकांना थंड म्हणून डिवचलं होतं, त्यामुळे घरच्याच मैदानावर त्याची हुर्यो चालली होती. सहाव्या इनिंगमध्ये त्यानेच होम रन मारला.

स्कोअर? 1-0.