घरी जाऊन मुलांची स्पीच थेरपी सुरू करताय?

पहिल्या भेटीआधीच ऐकण्याची तपासणी (ओएई, बेरा) झालीय का ते विचारा. नसेल तर आधी ती करून घ्यायला लावा.

एका दिवशी एकच पट्टा धरा. कोल्हापुरात असाल तर कसबा बावडा-लाईन बाजार एका दिवशी, कळंबा-संभाजीनगर दुसऱ्या दिवशी. दोन भेटींच्या मधे अर्धा तास मोकळा हवाच, मुलं झोपेतून उशिरा उठतात.

खरी अडचण वेगळीच. मूल बोट दाखवतं आणि आजी "पाणी पायजे व्हय?" म्हणत पेला हातात देते. मग त्याला बोलायची गरजच उरत नाही. आजीला बाहेर बसवू नका, तिलाच शिकवा: पेला समोर धरायचा, "पाणी" एकदाच म्हणायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं. "पा" आलं किंवा नुसती नजर वर केली, तरी लगेच द्यायचं. शब्दासाठी तहानलेलं ठेवणं साफ चूक. मूल बोलण्याचीच धास्ती घेतं.

खेळण्यांची पिशवी नेऊ नका. ती तुमच्याबरोबर परत जाते आणि सराव थांबतो. घरातल्या वाट्या, झाकणं पुरतात. टीव्ही बंद, आणि घरातलं मोठं माणूस पूर्ण वेळ खोलीत, ही अट फोनवरच सांगा.

खाताना मुलाला वारंवार ठसका लागत असेल, तर भरवण्याचा सराव थांबवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.