पाया खणताना जुन्या विटा निघाल्या तर सरकार काम बंद पाडतं का?

आधी एक सांगा, विटा मोजल्यात का? तुम्ही लिहिलंय की बडोद्यात अकोट्याच्या बाजूला प्लॉट घेतलाय, पाया खणताना चार-साडेचार फुटांवर मोठाल्या विटा आणि लाल खापरं निघाली, आणि कंत्राटदार म्हणतो गप्प बसा, पुरातत्त्ववाल्यांच्या कानावर गेलं तर प्लॉट हातचा जाईल. बांधकामाआधी सर्वेक्षण करून घेणं सक्तीचं आहे का, असंही विचारलंय.

सक्तीचं नाही. आपल्याकडे साध्या खाजगी प्लॉटवर घर बांधताना आधी जमिनीखाली काय आहे ते तपासा, असं सांगणारा कायदा नाही. केंद्राचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर गोष्ट वेगळी. 2010 च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. तुमचा प्लॉट त्यात नसेल तर या कायद्याची झळ तुम्हाला नाही. आणि तुमचा कंत्राटदार चूक बोलतोय. तो जे वाक्य बोलतोय ते शब्दाला शब्द मी 1992 साली ऐकलंय, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून. म्हणून हे लिहायला बसले.

मी तेव्हा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व विषय घेऊन एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही दांडिया बाजारातले, आजोबांच्या वेळच्या वाड्यात दोन खोल्यांत सहा माणसं. बाबांनी आयुष्यभराची पुंजी घालून पुलापलीकडे अकोट्यात सोसायटीतला प्लॉट घेतला आणि घराचं सगळं दादाच्या अंगावर टाकलं. दादाने कर्ज काढलं, मुहूर्त काढला, गुत्तेदार ठरवला. पाया खणायला दाहोदकडची मंडळी आली होती, नवराबायको मिळून काम करणारी.

तिसऱ्या दिवशी मी डबा द्यायला गेले तर एक बाई खड्ड्यात बसून होती, कुदळ बाजूला ठेवलेली. मला म्हणाली, "बेन, आ तो कोईनुं घर छे." म्हणजे, हे तर कुणाचं तरी घर आहे. मी खाली उतरले. तिने बोटाच्या नखाने मातीची एक कड उचलून दाखवली. सारवणाचे पापुद्रे होते, एकावर एक, पातळ, पिवळट आणि राखाडी आलटून पालटून. मी अकरा मोजले. तिने रोज स्वतःच्या हाताने जमीन सारवलेली, त्यामुळे तिला ते माझ्याआधी कळलं. मी दोन वर्षं वर्गात बसून जे शिकले होते ते तिने पाच मिनिटांत ओळखलं होतं. त्या जमिनीला लागून विटांचे तीन थर उभे होते. मी टेप लावली. 15 इंच लांब, 10 इंच रुंद, 3 इंच जाड. आजची वीट 9 इंचांची असते. कोपऱ्यात राख, राखेत भाजकी माती, आणि शेजारी शंखाच्या बांगडीचा बोटभर तुकडा. खापरं पातळ, लालभडक, तेलाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत. अशी लाल चकचकीत खापरं गुजरातेत साधारण इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या वस्तीत सापडतात, हे आमच्यातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

अकोटा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. 812 सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटात आपलं बडोदं 'वडपद्रक' नावाचं एक गाव आहे, आणि ते 'अंकोट्टक चौऱ्यांशी' मधलं, म्हणजे अकोट्याच्या भोवतालच्या चौऱ्यांशी गावांतलं एक. अकोटा हे मोठं ठिकाण होतं आणि आपण त्याच्या आसपासचे. 1951 मध्ये याच अकोट्यात जैन कांस्यमूर्तींचा साठा मिळाला, तोही योगायोगाने. कमाटीबागेतल्या संग्रहालयात त्यातली जीवंतस्वामींची, म्हणजे दीक्षा घेण्याआधीच्या राजवेशातल्या महावीरांची, मूर्ती आहे. मुकुट घातलेली, दागिने ल्यालेली. बाबा लहानपणी दर दिवाळीच्या सुट्टीत आम्हा दोघांना तिच्यासमोर उभं करायचे. दादालाही. हे मुद्दाम लिहितेय.

तर मी दादाकडे दोन दिवस मागितले. फक्त दोन. फोटो काढायचे, भिंतीचा आणि छेदाचा, म्हणजे खड्ड्याच्या कडेला दिसणाऱ्या थरांचा, आराखडा काढायचा, कुठल्या थरातून काय निघालं ते लिहून ठेवायचं, मग खुशाल काँक्रीट ओता. मी उत्खनन मागत नव्हते. दादा म्हणाला, "दोन दिवसांची दोन वर्षं होतील. पुरातत्त्ववाल्यांना कळलं तर प्लॉट हातचा जाईल." मी म्हटलं, नाही जाणार. तो म्हणाला, "तुला कर्जाचे हप्ते भरायचे नाहीत म्हणून बोलतेस." ते मला लागलं, अजून लागतं.

मी लुना काढली आणि विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात गेले. आमचे सर लगेच तयार झाले. उद्या सकाळी आठला दोन मुलं, टेप, प्लम्ब लाइन आणि आलेखाचा कागद घेऊन येतो म्हणाले. कुणाला पत्र नाही, कुठे अर्ज नाही, मास्तर आपल्या विद्यार्थिनीच्या घरी यावा तसे येणार होते. मी घरी येऊन दादाला सांगितलंही. ती माझी चूक, असं वहिनी म्हणते.

सकाळी आठला आम्ही पोचलो तेव्हा पीसीसी, म्हणजे पायातलं तळाचं काँक्रीट, ओतून झालेलं होतं. ओलं. रात्री अकराला मिक्सर आणला होता, गॅसबत्ती लावून काम उरकलं होतं. विटा गुत्तेदाराने पाण्याच्या टाकीखाली सोलिंगला, म्हणजे तळाच्या भरणीला, घातल्या. सर काही बोलले नाहीत. उपशाच्या ढिगाजवळ उकिडवे बसले, दोनचार खापरं उचलली, रुमालाने पुसली आणि परत ठेवली. म्हणाले, "ढिगातलं खापर फक्त खापर असतं गं." दादाने चहा मागवला होता, तो घेतला आणि गेले.

सरांच्या त्या वाक्यात सगळं आहे. जुनी वीट हातात असून उपयोग नसतो. ती कुठे होती, कशाच्या वर होती, तिच्या खाली काय होतं, हे कळलं तर ती बोलते. सर्वेक्षण म्हणजे एवढंच. जुने नकाशे आणि कागद बघायचे, जमिनीवरून चालत खापरं टिपायची, शंका आली तर दोनचार चाचणी चर घ्यायचे, थरांना क्रमांक द्यायचे, छेद काढायचा. आणि हे सगळं पोकलेन यायच्या आधी. नंतर केलं तर त्याला पंचनामा म्हणतात.

आधी केलं तर काय होतं ते आपल्याच विभागाने दाखवलंय. शामळाजीजवळ मेश्वो नदीवर धरण होणार होतं. देवनी मोरीचा बौद्ध स्तूप आणि विहार त्या पाण्यात जाणार हे नक्की होतं. 1960 ते 1963 या हंगामांत र. ना. मेहता आणि सू. ना. चौधरींच्या चमूने ते खोदून, मोजून, काढून घेतलं. स्तूपात दगडी करंडा मिळाला, त्यावर 'दशबलशरीरनिलय' असा लेख, म्हणजे बुद्धाच्या अस्थींचं निवासस्थान. आज ती जागा पाण्याखाली आहे आणि करंडा बडोद्यात विभागात. मी विद्यार्थिनी असताना तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ मला हात कुठे ठेवावे कळेना. धरण झालंच, शेतीला पाणी मिळालंच. कुणाचं काय बिघडलं? स्तूप गेला, पण तो कसा होता हे गेलं नाही. माझ्या घराखालचं घर मात्र मुळासकट गेलं.

दादाचा मुलगा आता इंग्लंडमध्ये सिव्हिल इंजिनियर आहे. तिकडे 1990 पासून नियोजनाच्या परवानगीतच ही अट घालतात आणि खर्च बांधणाऱ्याने करायचा. लेस्टरजवळ त्याच्या साइटवर घरं बांधायच्या आधी पुरातत्त्ववाल्यांना सात आठवडे दिले होते, ते कामाच्या वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून धरलेले होते. चर मारले, एक रोमन काळातला नाला निघाला, नोंदवला, बुजवला, घरं उभी राहिली. त्याने व्हिडिओ कॉलवर आपल्या बापाला तो चर दाखवला. दादा म्हणाला, "तिकडे पैसा आहे." मला तेव्हा दोन दिवस आणि आलेखाचा कागद हवा होता, पैसा नव्हे. हे मी त्याला मागच्या गणपतीत पुन्हा सांगितलं आणि पुन्हा जेवण अर्धवट राहिलं.

आपल्याकडे रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, काढताना पार्किंग विचारतात, संडासाची लाइन विचारतात, मातीचा अहवाल मागतात. तो अहवाल बघा एकदा. बोअर घेतात, वरच्या दोनतीन मीटरला "भरावाची माती, विटांचे तुकडे" असं लिहितात आणि पुढे जातात. तो भराव नसतो हो, निदान अकोट्यात तरी प्रत्येक वेळी नसतो. त्या ओळीत कुणाची तरी दोनशे वर्षांची राहती वस्ती असू शकते. माझं ठाम मत आहे की टीपी स्कीम, म्हणजे नगररचनेचा आराखडा, आखतानाच, रस्ते आणि अंतिम प्लॉट ठरायच्या आधी, सगळ्या पट्ट्याची एकदा पायी पाहणी आणि चाचणी चर झाले पाहिजेत. त्या वेळी जमीन मोकळी असते, कुणाचा हप्ता सुरू नसतो, कुणाचा मुहूर्त अडत नाही. एकेका घरमालकाच्या चांगुलपणावर हे सोडणं चूक आहे, कारण घरमालक घाबरलेलाच असतो.

आता तुमचं. प्लॉट जातो का? एखादी जागा संरक्षित करायची तर सरकारला राजपत्रात सूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. चार विटा निघाल्या म्हणून कुणी कुलूप लावत नाही. अकोट्याच्या आमच्या सोसायटीत नंतर तीन घरांत अशा विटा निघाल्याचं मला माहीत आहे, तिघेही त्याच घरांत राहतात. पण नाणी, दागिने, मूर्ती असं काही निघालं तर 1878 चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू असेल तर कलेक्टरला लेखी कळवावंच लागतं, न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूर्ती घरात ठेवू नका, गुत्तेदाराला नेऊ देऊ नका, मंगळ बाजारात कुणी भाव देतो म्हणून दाखवायलाही जाऊ नका.

विटा जागेवर असतील तर उपसू नका. खड्ड्याची भिंत खुरप्याने सरळ छाटून घ्या, पाणी हलकं शिंपडा म्हणजे थरांचे रंग उठून दिसतील. शेजारी टेप धरून सकाळच्या उजेडात फोटो काढा, सावली पडू देऊ नका. खापरं पिशवीत भरताना कुठल्या खोलीवरून घेतली ती चिठ्ठी पिशवीत टाका. मग विभागाला आणि राज्य पुरातत्त्व खात्याला एक साधं पत्र लिहा. स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा की खोल फूटिंगऐवजी उथळ राफ्ट, म्हणजे सगळ्या घराखाली एकच सपाट काँक्रीटचा थर, चालेल का. जमिनीला झेपत असेल तर खालचं खालीच राहतं आणि पुढे कधी कुणाला बघता येतं. तळघर मात्र रद्द करा.

एक कबूल करायला हवं. दादाची भीती अगदीच हवेतली नव्हती. आमच्या मावसभावाचं घर एका संरक्षित दरवाज्याच्या जवळ आहे. त्याला गळकं छप्पर बदलायच्या परवानगीसाठी दोन पावसाळे हेलपाटे घालावे लागले, मावशी बादल्या ठेवून झोपायची. लोक गप्प बसतात ते अशा अनुभवांमुळे, आणि त्याचा दोष मी लोकांना देत नाही. शिवाय तुमचा प्लॉट नेमका कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. जवळपास राज्याचं संरक्षित स्मारक असेल तर त्याचे नियम वेगळे, ते कॉर्पोरेशनच्या टाउन प्लॅनिंगमध्ये सर्व्हे नंबर घेऊन जाऊन विचारा. विटाही नुसत्या मोठ्या असून भागत नाही, मराठेशाहीतल्या भिंतीत जुन्या विटा पुन्हा वापरलेल्या सापडतात. म्हणून सुरुवातीलाच मोजल्यात का विचारलं.

कंत्राटदाराशी वाद घालू नका, त्यात माझी तीस वर्षं गेली. त्याला दोन दिवसांचे मजुरीचे पैसे द्या, लेखी द्या, आणि मिक्सर कधी बोलावलाय ते आत्ता फोन करून विचारा. आज रात्रीचा असेल तर आधी तो रद्द करा, मग मला मापं कळवा. मी अजून अकोट्यातच राहते, टेप आणि आलेखाचा कागद घेऊन सकाळी आठला येईन.