जळगावहून रात्रीच्या रेल्वेने स्कीइंगला जाणं मुलांना झेपेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरचे चौघे, मुलं नऊ आणि बारा वर्षांची, बर्फ आजवर फक्त फ्रीजमधला पाहिलेला, 14 फेब्रुवारीच्या आसपास निघायचंय, रात्रीच्या गाडीने जावं की विमानाने, आणि उत्तराखंडातलं औली की काश्मीरमधलं गुलमर्ग?

मी चोपड्याचा. दोनदा औलीला जाऊन आलोय, दोन्ही वेळा रेल्वेने. एकदा फजिती करून घेतली, एकदा शहाणा होऊन गेलो. उत्तर आधीच देऊन टाकतो: गाडीने जा, औलीला जा, आणि सलग नऊ दिवस रजा मिळत नसेल तर यंदा जाऊच नका.

विमानाचं म्हणाल तर औलीला जवळचा विमानतळ डेहराडूनचा, जॉली ग्रँट. तो गाठायला आपल्याला आधी मुंबई गाठावी लागते, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर उलट दिशेला. एक रात्र गाडीत जातेच. मग तीच रात्र सरळ उत्तरेकडे का घालवू नये? शिवाय विमानाने उतरलात तरी पुढचे अडीचशे किलोमीटर पहाडी रस्ताच आहे, तो काही कुणाला चुकत नाही.

आणि गाड्यांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. मुंबई-पुण्याकडून दिल्लीला जाणाऱ्या किती गाड्या भुसावळवरून जातात ते पुण्यातल्या माझ्या मेहुण्याला सांगितलं तर तो चिडतो. पंजाब मेल आहे, जी 1912 पासून धावते आहे. गोवा एक्सप्रेस, मंगला, कर्नाटक, झेलम, सचखंड आहेत. 2019 च्या जानेवारीत मुंबई-निजामुद्दीन राजधानी सुरू झाली, ती जळगावला थांबते. रात्री चढायचं आणि सकाळी दिल्लीला उतरायचं. भाडं मात्र राजधानीचंच, चौघांचं गणित आधी करून बघा. पण तुमच्यासाठी सगळ्यात सोयीची म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस-हरिद्वार एसी एक्सप्रेस. आठवड्यातून दोनच दिवस असते, पण दिल्लीत गाडी बदलायची भानगड नाही. दुपारी भुसावळला बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारी हरिद्वार. (वेळा बदलत असतात, तिकीट काढताना पाहून घ्या.)

आता फजितीचं सांगतो, कारण तुम्ही जो आराखडा लिहिलाय तो हुबेहूब माझ्या पहिल्या वेळेसारखा आहे.

2019 चा फेब्रुवारी. मी भुसावळहून निजामुद्दीनची गाडी धरली, जी पहाटे पोचणार होती, आणि त्याच सकाळची नवी दिल्लीहून हरिद्वारची दुसरी गाडी काढून ठेवली. मध्ये अडीच तास. मला वाटलं, अडीच तास म्हणजे काय, चहा पिऊन आरामात जाऊ. मथुरेच्या अलीकडे गाडी थांबली. खिडकीबाहेर पाहिलं तर शेजारचा रूळसुद्धा दिसेना. धुकं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक नसतं हो. आपल्याकडे तापीकाठी सकाळी जे पडतं ते आठला विरतं. तिकडचं धुकं उठतच नाही, आणि सिग्नल दिसत नाही म्हणून गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात. आम्ही पाच तास उशिरा पोचलो. हरिद्वारची गाडी कधीच गेली होती. कश्मीरी गेटवरून बस धरून रात्री ऋषिकेश, आणि पहाटे पुन्हा घाट. टॅक्सीला आगाऊ दिलेले पैसे बुडाले, आणि पोरांचा पहिला दिवस औलीत झोपून गेला.

म्हणून दुसऱ्या वेळी एकच नियम पाळला. गाडी ज्या दिवशी पोचणार त्या दिवशी दुसरं काहीही ठरवायचं नाही. पोचलो, ऋषिकेशला मुक्काम, गंगेवर पाय बुडवून परत खोलीत. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून संध्याकाळी जोशीमठ (आता सरकारी कागदांवर ज्योतिर्मठ), तिथे झोप, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फावर. गाडीला सहा तास उशीर झाला असता तरी आमचं काही बिघडलं नसतं. चार दिवस स्कीइंग, दोन दिवस उतरायला आणि परतीच्या गाडीला. निघायचा दिवस धरून नऊ होतात, म्हणून वर नऊ म्हटलं. दिल्लीत गाडी बदलायचीच वेळ आली तर दोन्ही तिकिटांचे पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. 2019 च्या एप्रिलपासून ही सोय आहे; पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर दुसरीचे पैसे परत मागता येतात. आम्ही गेलो ते दोन महिने आधी, माझं नशीब.

रात्रीच्या प्रवासाची काळजी मुलांसाठी करू नका. माझी दोघं त्या वेळी अकरा आणि आठ वर्षांची होती. वरच्या बर्थवर चढणं, पडद्याआडून कोण उतरतंय ते पाहणं, इटारसीला चहावाल्याची हाक, यातच त्यांची निम्मी सहल झाली. झोपलो नाही ते आम्ही दोघं. थ्री एसीत उशी-ब्लँकेट मिळतं. पैसे वाचवायला स्लीपर काढणार असाल तर मात्र ऐका: भुसावळला तुम्ही शर्टावर चढाल आणि झाशी-ग्वाल्हेरच्या पुढे पहाटे दात वाजतील. स्लीपरच्या खिडक्यांतून वारा येतोच. आपली पातळ चादर तिथे काही कामाची नाही, घरची गोधडी घ्या. सामान खालच्या बर्थच्या खाली साखळीने बांधा, तिथे त्यासाठी कड्या असतात. आणि जाडे कपडे बॅगेच्या तळाशी कोंबू नका. ते हरिद्वारच्या फलाटावरच लागतात.

खाण्याचं आमच्या घरी ठरलेलं आहे: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. दशमी दोन दिवस टिकते आणि डब्यात वास सुटत नाही. भरीत नेऊ नका, मोह झाला तरी. आमच्या सौंनी पहिल्या वेळी भरीत-पुरी घेतली होती. समोरच्या आग्र्याच्या कुटुंबानेच निम्मं संपवलं आणि कृती लिहून घेतली, ती गोष्ट वेगळी.

केळ्यांचंही सांगतो. आमची थोडी केळीची बाग आहे, म्हणून मी हौसेने दोन फण्या बांधून नेल्या. जोशीमठच्या एका रात्रीत सालं काळीठिक्कर. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की बागेत केळीला चरका बसतो, ते दर हिवाळ्याला डोळ्यांनी पाहणारा मी, आणि तेच फळ शून्याखाली घेऊन गेलो! बायकोने त्यावर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. गाडीत खा, हरिद्वारपर्यंत संपवा.

ऋषिकेशच्या पुढचा रस्ता हाच खरा कठीण भाग आहे, रेल्वे नव्हे. जोशीमठ अडीचशे किलोमीटर, आणि नऊ-दहा तास. देवप्रयाग, जिथे अलकनंदा आणि भागीरथी मिळून गंगा होते. मग श्रीनगर (हे गढवालचं, काश्मीरचं नाही), रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, पीपलकोटी. कन्नडच्या घाटात ओकणारी आपली पोरं. हा घाट दिवसभर संपत नाही. ओकारीची गोळी निघण्याआधी अर्धा तास द्या (कोणती आणि किती ते डॉक्टरांना विचारून), सकाळी पोटभर खायला घालू नका, आणि पुढच्या सीटवर बसवा. पहाटेच निघा, कारण पहाडात अंधारात गाडी चालवू देत नाहीत आणि चालवूही नये. ऋषिकेश ते कर्णप्रयाग सव्वाशे किलोमीटरच्या रेल्वेचं काम चालू आहे, बहुतेक सगळी बोगद्यांतून. ती झाली की तुमच्यामागून जाणाऱ्यांचा अर्धा त्रास वाचेल.

जोशीमठहून औलीला पूर्वी चार किलोमीटरचा रोपवे होता. पहिल्या वेळी आम्ही त्यातूनच गेलो, पोरगी अजून त्याचीच आठवण काढते. 2023 च्या जानेवारीत जोशीमठला जमीन खचून घरांना तडे गेले, तेव्हापासून तो बंद झाला. दुसऱ्या वेळी आम्ही रस्त्याने टॅक्सीने गेलो, आणि ताज्या बर्फामुळे शेवटचा तुकडा बॅगा पाठीवर घेऊन चाललो. म्हणून चाकांची मोठी सुटकेस नको, पाठीवरच्या बॅगा घ्या.

आता खुद्द स्कीइंग. निघताना माझी माय म्हणाली होती, "इतला पैसा दिसन बरफमा पडाले जातस का?" (इतका पैसा देऊन बर्फात पडायला जाता का?) तिचं चुकलं नव्हतं. पहिला दिवस पडण्यातच जातो. बूट लोखंडासारखे कडक असतात, त्यात घोटा हलतच नाही. नडगी पुढे टेकवून उभं राहायला शिकायचं. मग खेकड्यासारखं आडवं आडवं चढायचं, दहा मिनिटं चढून दहा सेकंद घसरायचं. थांबायची युक्ती एकच: दोन्ही स्कींची, म्हणजे बुटांना लावलेल्या लांब पट्ट्यांची, पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब. आमचा शिकवणारा पहाडी पोरगा त्याला "पिझ्झा" म्हणायचा. मुलांना ते एका तासात जमलं, मला दोन दिवस लागले. पडणार असं वाटलं की कुशीवर पडा, मागे बसू नका आणि हात टेकू नका, मनगट जातं. उठताना पट्ट्या उताराला आडव्या करून घ्या, नाहीतर उठता उठता पुन्हा निघालात.

सगळं सामान तिथेच भाड्याने मिळतं, जळगावात शोधत फिरू नका. शिकवणारा मात्र घ्याच. व्हिडिओ पाहून शिकू असं म्हणणारे दोन मुंबईकर आमच्या देखत गुडघा धरून खाली गेले. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे अभ्यासक्रमही आहेत. तुमच्या चार दिवसांत ते बसणार नाहीत, पण मोठ्या मुलाला गोडी लागली तर पुढच्या वर्षी लक्षात ठेवा.

कपड्यांत तीन थर: अंगाला थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट. अंगाला सुती बनियन नको, घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि मग गारठा हाडात शिरतो. हातमोजे दोन जोड. आणि काळा चष्मा व सनस्क्रीन विसरू नका. मी हसलो होतो: मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत शेतात उभा राहणारा माणूस मी, मला फेब्रुवारीतलं ऊन काय करणार? औली अडीच ते तीन हजार मीटरवर आहे, आणि ताजा बर्फ उन्हातले अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ऊन खालूनही लागतं. माझ्या नाकपुड्यांची आणि हनुवटीखालची साल निघाली. चोपड्यात लोक आठवडाभर विचारत होते, काय झालं म्हणून.

गुलमर्गबद्दल थोडक्यात. बर्फ तिकडचा चांगला, उतार मोठे, गंडोला (तिथला रोपवे) तर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो. झेलम एक्सप्रेस आपल्याला मध्यरात्रीनंतर घेते आणि सरळ जम्मूला सोडते. 2025 च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत सुरू झाली, सुमारे तीन तासांत, चिनाबच्या त्या 359 मीटर उंच पुलावरून. रेल्वेचा शौक असेल तर नुसत्या त्या पुलासाठी जावं असं मला वाटतं. पण पहिल्यांदा, दोन मुलांना घेऊन, चार दिवसांच्या शिकण्यासाठी एवढा लांबचा पल्ला मी घेणार नाही. शिकण्यापुरता उतार औलीत भरपूर आहे, आणि समोर नंदादेवी दिसते.

बर्फाची हमी मात्र कुठेच नाही. 2025 च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धासुद्धा बर्फ कमी म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणून हॉटेल असं घ्या जिथे तारीख बदलून मिळेल, आणि निघायच्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी फोन करून "आज बर्फ किती आहे" असं सरळ विचारा. हॉटेलवाला "बहुत है" म्हणेलच. भाड्याने स्की देणाऱ्या दुकानदाराला विचारा.

आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. 14 फेब्रुवारीला निघायचं तर 16 डिसेंबरला सकाळी आठ वाजता मोबाइल हातात घेऊन बसा. पण आधी पाहा की हरिद्वारची गाडी त्या वारी आहे का. नसेल तर दोन दिवस पुढे-मागे व्हा. परतीचं तिकीट हरिद्वारहून काढताना जोशीमठ सोडण्याचा दिवस आणि गाडीचा दिवस यांत एक मोकळी रात्र ठेवा, उतरताना दरड आली तर तीच उपयोगी पडते.