जांघेतला हर्निया : दुर्बिणीतून की चिरा देऊन?

प्रश्न : वय ४२. डिचोलीत सिमेंटच्या गोदामात काम करतो. उजव्या जांघेत फुगवटा येतो, आडवं पडलं की आत जातो. दुखत नाही. पट्टा बांधून भागेल का?

पट्ट्याने फुगवटा दाबून राहील, बरा होणार नाही. पोटाच्या भिंतीतल्या ज्या फटीतून आतडं बाहेर डोकावतं, ती मालिशने किंवा गोळ्यांनी बुजत नाही. मात्र दुखत नसेल तर घाबरून धावपळही नको. त्रास नसलेल्या किंवा अगदी किरकोळ त्रास असलेल्या सातशेहून अधिक पुरुषांचा अमेरिकेतला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेविना लक्ष ठेवून राहिलेल्यांत आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनपेक्षाही कमी निघालं. पण दहा वर्षांत त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश जणांनी शेवटी शस्त्रक्रिया करून घेतलीच, मुख्यतः दुखू लागल्यामुळे. तुमचं काम ओझ्याचं आहे, तेव्हा कधीतरी ती करावी लागेल असं धरून चाला. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर सवडीने केलीत तरी चालेल.

एक मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. फुगवटा कडक होऊन आत जाईनासा झाला, सतत दुखू लागला, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा थांबला तर काही तासांतच ते सडू लागतं.

प्रश्न : मी पेडण्याची, वय ६१. जांघेत सुपारीएवढी गाठ आहे. हर्निया पुरुषांनाच होतो ना?

नाही, ताई. पुरुषांत जास्त दिसतो एवढंच, आणि या समजापायी बायकांचं निदान उशिरा होतं. वर ‘सवडीने केलीत तरी चालेल’ म्हटलं, ते पुरुषांसाठी. तुम्ही थांबू नका. बायकांत फीमोरल हर्नियाचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त असतं. तो मांडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीलगतच्या अरुंद वाटेने उतरतो आणि वाट अरुंद म्हणूनच पटकन अडकतो. बाहेरून तपासून तो नेहमीचा इंग्वायनल हर्निया आहे की फीमोरल, हे अनुभवी सर्जनलाही कधी कधी ठरवता येत नाही. दुर्बिणीतून आतल्या बाजूने दोन्ही जागा एकदमच दिसतात आणि आत बसवायच्या एकाच कृत्रिम जाळीने झाकता येतात. म्हणून बायकांसाठी, भूल सोसणार असेल आणि सर्जनचा हात बसलेला असेल, तर दुर्बिणीचीच पद्धत घ्यावी असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. गाठ म्हणजे हर्नियाच असेल असंही नाही, आधी सोनोग्राफी करून घ्या. पण या आठवड्यातच दाखवा. लाजून अंगावर काढलेल्या गाठींनी बायकांचे जीव गेले आहेत, म्हणून इतकं आग्रहाने लिहितो.

प्रश्न : दुर्बिणीने नेमकं काय करतात? जाळी आयुष्यभर आतच राहते का?

बेंबीजवळ साधारण एक सेंटिमीटरचा आणि खाली अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरचे दोन छेद. कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, उतरलेला भाग मागे ओढतात आणि स्नायूंच्या मागच्या बाजूला सुमारे १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी पसरतात. टॅप पद्धतीत पोटाच्या पोकळीतून जातात, टेप पद्धतीत पोकळीत न शिरता भिंतीच्या थरांमधून. जाळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि हो, कायम राहते. शरीराचे तंतू तिच्यात वाढतात, तीच तिची ताकद.

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे, हृदय अशक्त, प्रोस्टेटची मोठी शस्त्रक्रिया झालेली. फोंड्याला राहतो. दुर्बिणीचाच हट्ट धरावा का?

अजिबात नको. दुर्बिणीसाठी सहसा पूर्ण भूल लागते आणि प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर तिथले थर चिकटलेले असतात. समोरून चिरा देऊन जाळी बसवण्याची लिश्टेनश्टाइन पद्धत जागा बधिर करूनही होते. बाबांसाठी तीच बरी. दुर्बीण खरी कामाला येते ती दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा चिरा देऊन केलेला हर्निया पुन्हा उलटला असेल तेव्हा.

प्रश्न : कामावर कधी? खर्च?

चालणं त्याच दिवशी, हलकी कामं बहुधा आठवड्याभरात. स्कूटर, ब्रेक दाबताना दुखत नसेल तेव्हा. नारळाच्या झाडावर चढणं किंवा पोती उचलणं सर्जनना विचारूनच. खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड दाखल होण्याआधी दाखवा, आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया व जाळी दोन्ही त्यात बसतात का, हे लेखी विचारून घ्या.